सुरमईच्या वाटणातली अंडी

उकडलेली अंडी सुरमईच्या वाटणात चांगली लागत नाहीत. लागतात असं म्हणणारे लोक मला भेटले आहेत, पण त्यांनी ती शुक्रवारमागून शुक्रवार खाल्लेली नसतात. ओला नारळ, सुकी मिरची, धणे, लसूण, वरून कोकमाची चार सोलं, हे सगळं एका ठरावीक माशाची वाट बघत वाटलेलं असतं. त्यात अंडं पडलं की दोघंही नाराज दिसतात, वाटणही आणि अंडंही. गेल्या हिवाळ्यापासून ते उन्हाळा तोंडावर येईपर्यंत सौदीतल्या अल-खोबरच्या आमच्या घरात जुम्म्याच्या दुपारी हेच शिजत होतं. कारण मी मासा आणत नव्हतो.

"मला मासा मिळत नव्हता" असं लिहिणार होतो. पण या वेळी सरळ लिहायचं ठरवलंय, आणि त्या दोन वाक्यांत फरक आहे. तो पुढे येईल.

आम्ही रत्नागिरीकडचे, खाडीकाठचे. आमच्या घरात मासेमारीवर कुणी पोट भरलं नाही, पण गळ टाकून गरवायला सगळेच जायचे. गरी, तंगूस म्हणजे नायलॉनची दोरी, आणि बसायला एक दगड एवढं असलं की झालं. इथे एका कंत्राटी कंपनीत यंत्रांच्या दुरुस्तीचं वेळापत्रक आखण्यात माझी निम्मी हयात गेली. ऑफिसात दिवसभर मी इतरांना विचारतो, काम कधी होईल? स्वतःला कधी विचारत नाही. मी मुळात कमी बोलणारा. लोक त्याला शांत स्वभाव म्हणतात, आणि मी त्यांना तसं म्हणू देतो.

शुक्रवारी फजरनंतर, म्हणजे पहाटेच्या नमाजीनंतर, मी आणि माझा मुरुडकडचा दोस्त त्याच्या गाडीतून निघायचो. तो एसी दुरुस्त करणाऱ्यांच्या टोळीवर मुकादम आहे आणि माझ्या वाटचंही तोच बोलतो. कॉर्निशवरची, म्हणजे समुद्रकाठच्या रस्त्यावरची झाडं, झोपाळे, चटया मागे टाकून बरंच दक्षिणेला गेलं की एक दगडांचा, खडपासारखा बांध समुद्रात घुसलेला आहे. तिथे आम्ही उभे राहायचो, कनादसाठी.

कनाद म्हणजे आपली सुरमईच. बाजारात बर्फावर हवी तेवढी पडलेली असते, जाळ्यातली. पण किनाऱ्यावर उभं राहून तिला गळाला लावणं हे वेगळंच लचांड आहे. चकचकीत लोखंडी चमचा जमेल तितक्या लांब फेकायचा आणि लहान मासा जीव घेऊन पळतोय असं वाटावं इतक्या जोरात गुंडाळत आणायचा. पुन्हा फेकायचा. खांदा भरून येईपर्यंत हेच. तिचे दात असे की नुसतं तंगूस असेल तर कचकन तोडते. म्हणून चमच्याजवळ बारीक तार लावावी, तर ती तार बघून पाठ फिरवते. एखाद्या हंगामात दोन मिळाल्या तर माणूस ऑफिसात छाती काढून चालतो. त्याच्या आधीच्या वर्षी मला दोन मिळाल्या होत्या. चालत होतो मी तसा.

आता वाटणाचं सांगायला हवं. माझ्या बायकोच्या माहेरी दोन गोष्टी पाळतात. गरवायला निघालेल्या माणसाला "कुठे चाललात" विचारायचं नाही, आणि मासा पडवीत आल्याशिवाय वाटण वाटायचं नाही. नारळ खवून ठेव, मिरची भिजत घाल, पण पाट्याला हात लावू नको. आधी वाटलंस तर मासा समजतो आणि फिरतो. पण खोबरमध्ये जुम्म्याची नमाज, मग जेवण, मग मुलीची शिकवणी, असं सगळं एकावर एक चढलेलं. मी परतायचो तेव्हा वेळच उरायचा नाही. म्हणून तिने इथे आल्यावर मिक्सर सकाळीच फिरवायला सुरुवात केली. दुसरा नियम मोडला, पहिला पाळला. मी बूट चढवत असलो की ती तोंड फिरवून ओट्याकडे बघत राहायची, चुकून प्रश्न तोंडातून जाऊ नये म्हणून.

पहिले काही शुक्रवार मजेत गेले. "आज नाही? बरं, अंडी टाकते." मुलगीही हसायची. मग अंड्यांच्या जागी बटाटे आले, एकदा भेंडी आली. बारावीतली आमची मुलगी ताटाकडे बघून म्हणाली, "अम्मी, सीरियसली? भेंडी इन फिश करी?"

"अब्बांना विचार," बायको म्हणाली. "मी वाटण केलंय. त्यात काय पोहायचं ते त्यांनी आणायचं."

"मग बाजारातून आण ना एक," मी म्हणालो.

"आणते की. आणि तुम्ही ती गिळाल? मागे एकदा आणली तर घास तोंडात धरून बसला होतात, कुणाचं तरी श्राद्ध जेवत असल्यासारखे."

खरं होतं. पण त्या हिवाळ्यात मला विकतची सुरमई नको होती त्याचं कारण निराळंच होतं, आणि ते मी तिला सांगितलं नव्हतं.

आमचं ठरलं होतं. मुलीची बारावी झाली की खलास, तिघंही परत. तिकडे गावात बायकोची आई एकटी, तिची नजर अधू होत चाललेली. बायको वर्षभर त्याचीच भाषा बोलत होती. हा कुकर नेऊ, ही गादी देऊन टाकू. थंडी सुरू झाली तेव्हा मॅनेजरने मला बोलावलं आणि विचारलं, अजून दोन वर्षं राहतोस ना? मी "घरी विचारून सांगतो" म्हणायला हवं होतं. एवढं एक वाक्य. त्याऐवजी मी मान हलवली. त्याने स्क्रीन माझ्याकडे वळवली, मी बोटाने सही केली, तो म्हणाला, "यल्ला, खलास," आणि मी माझ्या टेबलाशी येऊन बसलो. पैशांसाठी केलं असतं तर निदान सांगायला तोंड असतं. पैशांचा प्रश्न नव्हता. तिकडे सकाळी उठून मी काय करणार, हे मला दिसत नव्हतं. इथे गळ्यात पट्टा असतो आणि त्यावर माझा फोटो असतो. तिकडे मी कोण? घाबरलो मी. पन्नाशीच्या माणसाने घाबरलो असं लिहिणं बरं दिसत नाही, पण घाबरलो.

आता बायकोला सांगायचं कसं? मी शक्कल लढवली. कनाद मिळेल त्या दिवशी सांगायचं. सुरमई पानात असली की तिचा राग अर्धा होतो, हा माझा जुना अनुभव. शिवाय मी आणलेली असेल तर ती खूश असेल. मन्नत मानतात तसंच हे, फक्त उलटं. लोक मागणं पुरं झालं की देतात, मी मासा मिळाला की कबुली देणार होतो. विकतच्या मासळीने हे भागणारं नव्हतं, ती फसवणूक झाली असती. माझी अक्कल बघा, फसवणुकीची मला त्या वेळी केवढी चाड होती!

आणि नेमका तेव्हापासून मासा बंद.

कोरड्या दिवसांवर माझ्या दोस्ताकडे औषधांची पेटीच होती. गाठी नव्याने मार. गरीची टोकं कानशीने घास. चमचा बदल, चंदेरी नको, सोनेरी घे. सोनेरी नको, हिरवा घे. तार अजून बारीक कर. वारा उत्तरेचा असेल तर बांधाच्या या बाजूला उभा राहा, नसेल तर त्या बाजूला. मी सगळं केलं. बारीक तारेवर एक चमचा गेला, दगडात अडकून दोन गेले. उत्तरेचा वारा सुटला की चमचा निम्म्या वाटेवरून माझ्याच अंगावर परत यायला बघायचा. मागे चटई टाकून बसलेली कुटुंबं कहवा पीत आमची गंमत बघायची. त्यांतला कुणी तरी म्हातारा दर वेळी जवळ येऊन विचारायचा, "समक?" म्हणजे मासा आहे का? आणि मी म्हणायचो, "माफी." नाही. मग तो माझ्या बादलीत डोकावून खात्री करून घ्यायचा. माझ्या शब्दावर भरवसा का नसावा?

"अरे मियाँ," दोस्त म्हणायचा, "मन मोडलं की हात मोडतो. थोडे दिवस कनाद सोड. कोळंबी लाव, बारीकसारीक शेरी धर. चार मासे हाताला लागले की हाताला आठवतं."

"मला शेरी नको."

"शेरी काय हराम आहे? भाभीला सालन तरी होईल. तुझी मुलगी परवा माझ्या मुलीला सांगत होती, आमच्याकडे मासा नसलेली मच्छी करतात."

"मला कनादच पाहिजे."

"का पण?"

मी चमचा फेकला. उत्तर नको असलं की मी चमचा फेकत असे.

तो त्याची शेरी धरायचा, मस्त दोन-चार, पिशवीत टाकायचा, गाणी गुणगुणायचा. मला त्याचा राग यायचा. वाऱ्याचा राग यायचा, म्हाताऱ्याचा यायचा, नव्या रिळाचा यायचा. घरी येताना जिन्यातच वाटणाचा वास नाकात शिरायचा, आणि मग बायकोचा राग यायचा. आधी वाटतेस म्हणून मासा फिरतो, असंही एकदा मी बोलून गेलो. ती म्हणाली, "इथला मासा अरबी आहे. त्याला आमच्या पाट्यावरवंट्याचं काय कळतंय?" मग हसली. मला हसू येईना. मुलीची परीक्षा जवळ येत होती. बायको हॉलमध्ये रिकामी खोकी आणून रचायला लागली होती, आणि दर शुक्रवारी माझ्यासमोर अंड्याचा एक गोळा तांबड्या सालनात तरंगत असायचा.

मग ती आली.

ऊन वर चढलं होतं. मी निघायच्या बेतात होतो. दोस्त चहाचा थर्मास आणायला गाडीकडे गेला होता. शेवटचा म्हणून फेकला तो चमचा मध्येच थांबला. दगड, मला वाटलं. आणखी एक चमचा गेला. तेवढ्यात दगड निघाला. रिळातून तंगूस असं सुटलं की बोटाला चटका बसला. ती सरळ समुद्रात धावली, थांबली, मी गुंडाळलं, ती परत धावली. कधी नव्हे ते माझ्या तोंडातून शब्द येत होते, तिच्याशीच बोलत होतो मी, ये गं, ये, तार तोडू नकोस. शेवटी दगडांच्या फटीत आली आणि मी खाली उतरून शेपटीच्या वर घट्ट धरली. अंगावर बारीक उभे पट्टे, पोट चांदीसारखं, खांद्यापासून बोटांपर्यंत होईल एवढी लांब. पकडीने गरी काढली. किती महिन्यांनी! "अल्हम्दुलिल्ला" एवढं तरी म्हणायचं. तेही राहिलं.

कारण मला एकदम दुपार दिसली. सालन. भात. बायको काटे काढत मुलीला देतेय, आणि मी म्हणतोय, ऐक, एक सांगायचंय.

मी वाकलो आणि तिला पाण्यात धरलं. ती एक-दोनदा शेपटी हलवून सावरली आणि गेली. मी तिला जाऊ दिलं.

"काय केलंस?" वरून आवाज आला. दोस्त थर्मास घेऊन बांधावर उभा होता. "काय केलंस? सोडलीस? हातातून सुटली का सोडलीस?"

"लहान होती."

"लहान? अरे तुझ्या पायाएवढी होती! सगळा हिवाळा माझं डोकं खाल्लंस, माझे चमचे बुडवलेस, शेरीला हात लावला नाहीस, आणि मिळाली तर बारशाला आणल्यासारखी अंघोळ घालून परत पाठवलीस? वेड लागलंय का तुला?"

"चल, उशीर झाला."

"मी नाही चहा देणार तुला," तो म्हणाला, आणि खरंच दिला नाही. गाडीत घरापर्यंत तोंड उघडलं नाही त्याने. त्याला गप्प झालेलं मी प्रथमच पाहत होतो, आणि माझं असलं गप्प राहणं दुसऱ्याला कसं वाटत असेल ते मला तेव्हा थोडं कळलं.

घरी बायकोने विचारलं, "काय?"

"नाही," मी म्हणालो.

तिने अंडी सोलायला घेतली. माझ्या हातांना मासळीचा वास होता. मी दोनदा साबण लावला.

पुढचा शुक्रवार. फजर करून आलो तर घरात मिक्सरचा आवाज नाही. ओटा कोरडा. बायको स्वयंपाकघराच्या दारात उभी होती, तोंड न फिरवता. मी बूट चढवला आणि तिने विचारलं,

"कुठे चाललात?"

इतक्या वर्षांत पहिल्यांदा. मी खाली बघून नाडी बांधत राहिलो.

"गरवायला निघालेल्या माणसाला विचारत नाहीत," मी म्हणालो.

"गरवायला निघालेल्या माणसाला नाही विचारत. मिळालेला मासा परत टाकणाऱ्याला विचारतात." तिचा आवाज चढलेला नव्हता. "तुमच्या दोस्ताने त्याच्या बायकोला सांगितलं, तिने मला. फोनवर ती हसत होती आणि मीही हसले. काय करणार? मासा का सोडलात?"

मी म्हणालो, लहान होती. ती म्हणाली, खोटं. मी म्हणालो, आता मला उशीर होतोय. ती म्हणाली, होऊ दे. मग मी एक बूट घालून खोक्यांच्या शेजारी जमिनीवर बसलो आणि सांगितलं. सहीचं सांगितलं. मासा मिळाल्यावर सांगणार होतो तेही सांगितलं. सांगताना ते इतकं बावळट वाटलं की मध्येच थांबलो.

ती रडेल असं मला वाटलं होतं, किंवा आईचं नाव काढेल.

"म्हणजे मी हे वाटण कशासाठी वाटत होते?" ती म्हणाली. "पहाटे उठून नारळ फोडायचा, मिक्सरने मुलीची झोप मोडायची. माणूस समुद्रावरून तोंड पाडून येतो म्हणून वाईट वाटायचं मला. मी काय विचार करायची माहितीये? इथे नाही तर नाही. गावी गेलं की सकाळी चहा घेऊन खाडीवर जाऊन बसेल. तिथे तर मिळेल. मी पाट्यावर वाटेन, मासा आल्यावर. तुमच्या त्या दगडाची जागासुद्धा ठरवून ठेवली होती मी. वडाच्या खाली, जिथे ऊन येत नाही."

सकाळी उठून मी काय करणार, याचं उत्तर घरात होतं. तिच्याकडे होतं. विचारलं असतं तर पहिल्याच दिवशी मिळालं असतं. मी ते समुद्रात शोधत होतो, चमचा फेकून फेकून.

"आता?" मी विचारलं.

"आता काय? सही केलीत ना, रहा. आम्ही ठरल्याप्रमाणे जाणार. मी काही सही केलेली नाही."

आतून मुलीने हेडफोन काढून विचारलं, "व्हॉट हॅपन्ड?"

"काही नाही," बायको म्हणाली. मग थांबली. "नाही, झालंय. बाहेर ये. अब्बा सांगतील."

आणि मला सगळं परत सांगावं लागलं. दुसऱ्यांदा ते सोपं जात नाही. मुलीने ऐकून घेतलं, "ओके," म्हणाली, आणि माझ्याकडे न बघता परत आत गेली. तो "ओके" अजून माझ्या कानात आहे.

परीक्षा झाली, त्या दोघी गेल्या. मॅनेजरकडे जाऊन मी विचारलं, एका वर्षात सोडता येईल का? तो म्हणाला, "इन्शाल्ला, बघू." हे मी त्याच संध्याकाळी बायकोला फोन करून सांगितलं, "बघू" सकट, काहीही न सजवता. ती म्हणाली, "बघा." त्यात माफी होती असं मी म्हणणार नाही. मला वाटत नाही होती.

पण शुक्रवारी फजरनंतर तिचा फोन येतो. दर शुक्रवारी. तिकडे ऊन आलेलं असतं, मागे कोंबडी ओरडत असते. ती एकच विचारते, "कुठे चाललात?" आणि मी सांगतो. कुठल्या बांधावर, कोणाच्या गाडीतून, कधी परतणार, आठवडाभर ऑफिसात काय झालं, मॅनेजर काय म्हणाला, जेवलो का, झोप लागते का. आधी दोन वाक्यांत संपायचं. आता दोस्त खाली हॉर्न वाजवत बसतो.

मासा मिळत नाही. या हिवाळ्यातही एकही नाही. दोस्ताचं म्हणणं, मिळणारच नाही.

"तू फोन घेऊ नकोस ना निघताना!" परवा तो गाडीत ओरडला. "आमच्याकडेही पाळतात ते. कुठे चाललात विचारलं की झालं, दिवस गेला. परत आल्यावर बोल की. एक शुक्रवार फोन बंद ठेव, कनाद नाही लागली तर मिशी काढेन."

"ठेव मिशी," मी म्हणालो.

"मग आयुष्यभर अंडी खा!"

खातो. आता वाटणही माझं मलाच करावं लागतं, आणि त्यात मिरची नेहमी जास्त होते.